निलव्वांची डावी चप्पल

मंगळवारी सकाळी साडेसातला महानंदाचा फोन आला. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कुणीतरी कानडीत मोठ्यानं रडत होतं... मला कळायचं ते कळलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा निलव्वांना खाली आणायची तयारी चालली होती आणि महानंदा, त्यांची सून, जिन्याजवळ एक कापडी पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत निलव्वांचं सामान होतं. एक लुगडं, काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा, विभूतीची छोटी डबी आणि एक चप्पल. उजव्या पायाची. "दुसरी रिक्षात पडली वाटतंय बाई," महानंदा म्हणाली, "शनवारी लई गडबडीत आणलं की त्यांना. आता ही एक घिऊन काय करू?" दुसरी कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं. पण मी फक्त "असू दे, ठेव जवळ" एवढंच म्हटलं. माहीत असून गप्प बसायची माझी सवय जुनी आहे. ती सवयच मला आज लिहायला बसवते आहे.

आम्ही जिथे काम करायचो त्या जागेविषयी आधी सांगते. सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीला लागून एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या आहेत. तिथे दुपारी दोन ते पाच बायकांचा दहावीचा वर्ग चालतो. शाळा सातवी-आठवीत सुटलेल्या, लग्न होऊन दोन-तीन मुलं झालेल्या बायका. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या बाहेरून परीक्षेला बसतात. दुपारचीच वेळ, कारण तोवर सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन झालेल्या असतात. मी गणित आणि मराठी शिकवते, आणि एक निवृत्त गुरुजी विज्ञान, इतिहास वगैरे. पहिलं वर्ष आमचं साफ फसलं. बायका यायच्या, वह्या उघडायच्या, आणि दहा मिनिटांत कुणाचं तरी पोर वर्गात पदराला लोंबकळायचं. मी चिडायचे. मला व्यवस्थितपणाचा रोग आहे, हे माझ्या घरातले लोक सांगतील. "मुलांना घरी ठेवून यायला काय होतं?" असं मी एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी महानंदानं नाव घातलं. ती येताना दोन वर्षांचा मुलगा आणि सासू, दोघांनाही घेऊन आली. सासूला ती कानडीत अत्ती म्हणायची. "अत्ती बसतील बाहेर पोराला घिऊन, तुमाला तरास न्हाय," असं तिनं मला आल्या आल्या बजावलं. त्या अत्ती म्हणजे निलव्वा. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सोलापुरात आलेल्या, चौथी शिकलेल्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. त्या बाजूच्या रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या. आठवड्याभरात त्यांच्याभोवती पाच पोरं होती, महिन्याभरात अकरा. त्यांना कुणी नेमलं नाही. संस्थेनं पुढे त्यांना मानधन सुरू केलं, वहीत त्यांचं नाव चढवलं, ते सगळं नंतर. महानंदा दहावी होऊन अंगणवाडीत मदतनीस लागली, तिचा मुलगा शाळेत जायला लागला, तरी निलव्वा येतच राहिल्या. मुलं त्यांना अव्वा, म्हणजे आजी, म्हणत. वस्ती तेलुगू, थोडी कानडी, पलीकडची गल्ली मुसलमानांची. निलव्वांना रडू नको हे सगळ्या भाषांत म्हणता यायचं. तेलुगूत एडवकू, कानडीत अळबेडा, दखनीत रो नक्को. मराठीत मात्र त्या "गप की रं" असं दटावायच्या, आणि तेच सगळ्यांत लवकर लागू पडायचं.

पण नुसत्या दटावण्यानं पोरं राहत नसत. आई भिंतीपलीकडे गेली की ती जगातून गेली, असं त्या वयाला वाटतं. त्यावर निलव्वांनी काढलेला तोडगा मी दुसरीकडे कुठेही पाहिला नाही. पोराला सोडताना आईनं आपली डावी चप्पल काढून त्याच्या चटईशी ठेवायची. उजवी वर्गाच्या दाराशी. मग निलव्वा त्या पोराला विचारायच्या, "तुजी आई एका चपलीनं घरला जाईल का रं?" पोरगं विचार करायचं आणि नाही म्हणून मान हलवायचं. "मग?" एवढंच. पोरं चप्पल उशाशी घेऊन झोपायची. काही जण हातात घालून खेळायची. झोपेतून उठल्यावर आधी हात चपलेकडे जायचा. आहे म्हटल्यावर डोळे चोळत पाणी मागायची. अन्‌ माझ्या वर्गाच्या दाराशी पंधरा-वीस उजव्या चपलांची वेडीवाकडी रांग... ती बघून माझं डोकं उठायचं. पायरीवरून आत येताना रोज मी ती पायानं जरा सरळ करायचे, आणि निलव्वा खिडकीतून माझ्याकडे बघून हसायच्या.

सकाळच्या शाळेची मोठी मुलंही दुपारी तिथेच यायची, आयांच्या मागोमाग. त्यांचा गृहपाठ निलव्वा घेत. चौथी शिकलेली बाई सहावीचा गृहपाठ कसा घेणार? त्या म्हणायच्या, मोठ्यानं वाच. पोरगं वाचायचं. मधेच त्या म्हणायच्या, "हितं परत वाच, मला पटलं न्हाय." पोरगं परत वाचायचं आणि आपली चूक आपणच पकडायचं. मी एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळतं हो चुकलंय ते? "त्याला कळलं न्हाई की आवाज बारीक हुतो बाई. मला वाचायला कशाला पायजे?"

भिंत पातळ होती. माझा सगळा वर्ग त्यांना पलीकडे ऐकू यायचा, हे मला एका गणितामुळे समजलं. तीन बायका एक काम बारा दिवसांत करतात, तर चार बायका किती दिवसांत करतील? साधं गणित. माझं लक्ष त्या दिवशी कुठे होतं कोण जाणे, मी फळ्यावर सोळा लिहिलं. मागून एकीनं चाचरत "नऊ ना बाई?" म्हटलं. मी तिला "आधी नीट ऐकावं" म्हणून खाली बसवलं. वर्ग सुटल्यावर निलव्वा माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाई, बायका वाढल्यावर काम लवकर सरंल का उशिरा?" मी म्हटलं, लवकर. "मग बाराचं सोळा कसं झालं?" दुसऱ्या दिवशी मी वर्गात "कालचं गणित पुन्हा एकदा बघू या" अशी सुरुवात केली आणि नऊ काढून दाखवले. आपण चुकलो होतो, असं काही बोलले नाही. संध्याकाळी कुलूप लावताना निलव्वा म्हणाल्या, "चुकलं म्हनायला काय जातं बाई?" मी हसून विषय बदलला.

त्याच वर्षी त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. "मलाबी बसू द्या की वर्गात." मला वाटलं चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. भिंतीतून अर्धं ऐकू यायचं. फळ्यावर काय लिहिलंय ते दिसायचं नाही, आणि ते त्यांना सहन होईना. दहावी होणं वगैरे डोक्यात नव्हतं. फळा बघायचा होता. मी म्हटलं, "पोरं कोण सांभाळणार? पुढच्या वर्षी बघू." त्या "व्हय की" म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. असं किती वर्षं गेलं ते मी मोजत नाही. दरवर्षी जूनमध्ये नवीन बायका यायच्या, निलव्वा त्यांना "पोराची काळजी करू नगा, तुमी शिका" म्हणून आत ढकलायच्या, आणि स्वतः भिंतीला टेकून बसायच्या. इतक्या बायका त्यांच्या जिवावर दहावी झाल्या. आणि मी वार्षिक अहवालात माझ्या निकालाचं कौतुक लिहायचे.

शेवटी तीन वर्षांपूर्वी मला लाज वाटली. बुधवारी पूर्ण दुपार गुरुजींची असायची. मी निलव्वांना म्हटलं, बुधवारी मी बसते पोरांजवळ, तुम्ही आत जा. पुढच्या बुधवारी त्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेली नवी वही घेऊन आल्या. वर्गात जाण्याआधी त्यांनी स्वतःची डावी चप्पल काढून पोरांच्या मधोमध ठेवली. "मीबी येनार हाय परत," असं त्यांना सांगितलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. गुरुजी त्या दिवशी पचनसंस्था शिकवत होते. मी खिडकीतून बघितलं. निलव्वा तोंड उघडं ठेवून फळ्याकडे बघत होत्या.

असे तीन बुधवार गेले. चौथ्या बुधवारी संस्थेचे लोक पुण्याहून वर्ग बघायला येणार होते. मी पोरांजवळ होते. सगळी झोपलेली. खोलीत नजर टाकली तर चटयांमध्ये जिकडेतिकडे चपला. रबराच्या, झिजलेल्या, एखादीचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. पाहुण्यांना काय वाटेल, असं माझ्या मनात आलं. मी एकेक चप्पल हलक्या हातानं उचलली, नेऊन वर्गाच्या दाराशी तिच्या जोडीदाराशेजारी ठेवली. सगळ्या जोड्या लागल्या. रांग सरळ झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात फाटकाशी गाडी वाजली, आणि मी पाहुण्यांना घ्यायला गेले. पाच मिनिटं, फार तर सात.

चिन्नी तेव्हा चार वर्षांची होती. तिची आई अंबिका, विड्या वळणारी, गणितात माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार बाई. चिन्नी उठली, तिनं चटईशी हात नेला, चप्पल नव्हती. आई गेली... तिनं जे करायचं तेच केलं. आईला शोधायला निघाली. मागच्या बाजूला भिंत पडलेली आहे, तिथून ती रस्त्यावर गेली. आई सकाळी विड्या द्यायला जाते ती जागा तिला ठाऊक होती. दीड तासानं ती त्या कारखान्याच्या पायरीवर सापडली. वाटेत एका मोटारसायकलचा धक्का लागला होता. भुवईच्या वर चार टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. तो दीड तास आम्ही सगळ्यांनी कसा काढला ते लिहायची माझी ताकद नाही. अंबिका अनवाणी पळत होती, तिच्या दोन्ही चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

पोरगी सापडल्यावर पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, मुलांची जबाबदारी कोणाकडे असते? सगळ्या बायका तिथे होत्या, अंबिका चिन्नीला छातीशी धरून उभी होती. निलव्वा वर्गाच्या दाराशी होत्या. त्यांनी खाली चपलांच्या सरळ रांगेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "माझ्याकडं. मी जागा सोडून वर्गात बसले. माझी चूक हाय." मी तोंड उघडायच्या आत, असं लिहिलं खरं... पण त्यानंतरही मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. ती संध्याकाळ होती, दुसरा दिवस होता, तीन वर्षं होती. मी उघडलं नाही. अंबिका निलव्वांना जे बोलली ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. अंबिकानं त्या दिवसापासून वर्ग सोडला. दहावीच्या परीक्षेला चार महिने राहिले होते.

दोन दिवसांनी मी निलव्वांना विचारलं, असं का केलंत? त्या पोरांसाठी कडक भाकरी कुस्करून शेंगाचटणीत कालवत होत्या. "तुमी बाई हाय. तुमच्यावरचा इस्वास उडाला तर बायका यायच्या न्हाईत. मी काय, म्हातारी. मला बोललं तर बोललं." मला तेव्हा काय वाटलं, ते सांगायलाच हवं. सुटल्यासारखं वाटलं. संस्थेनं एक नियम लिहून भिंतीवर लावायला सांगितला : मुलांना सांभाळणाऱ्या व्यक्तीने वर्गाच्या वेळेत आपली जागा सोडू नये. तो मीच लिहिला, जाड पेनानं, माझ्या घोटीव अक्षरात, आणि मुलांच्या खोलीत चिकटवला. निलव्वांनी तो एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. कॅलेंडरच्या कव्हरची ती वही पोरांना चित्रं काढायला दिली गेली. पहिल्या चार पानांवर पचनसंस्था आणि असंच काहीबाही, बाकी सगळीकडे हत्ती आणि घरं.

त्यानंतर निलव्वा बदलल्या, असं म्हणता येणार नाही. पोरं येत राहिली, चपला पुन्हा चटईशी पडू लागल्या. त्या वेड्यावाकड्या रांगेला मी पुन्हा कधी हात लावला नाही. पण त्या वर्गात बसायचं पुन्हा बोलल्या नाहीत. जूनमध्ये मी आपण होऊन विषय काढला तर त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे हनुवटीनं खूण केली, "ते काय, लिवलंय की." आणि अंबिका... ती त्याच वस्तीत राहते. रस्त्यात निलव्वा समोरून आल्या की ती बाजूच्या बोळात वळायची. चिन्नी हात सोडवून "अव्वा" म्हणून धावायला बघायची, आणि आई तिला ओढत न्यायची. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. निलव्वा तिथेच रस्त्याच्या कडेला थांबून राहिल्या होत्या, बोळ रिकामा होईपर्यंत.

शनिवारी मी वर्गावर नव्हते, वैरागला एका लग्नाला गेले होते. तिथे फोन आला की निलव्वांच्या छातीत दुखायला लागलं, गुरुजींनी आणि बायकांनी रिक्षात घालून नेलं. सोमवारी सकाळी मी भेटायला गेले. त्या उशांना टेकून बसल्या होत्या, तोंड सुकलेलं, पण बोलत होत्या. खाटेखाली एकच चप्पल होती. मी बघितलं, आणि मला कळलं. छातीत कळा येत असतानाही पोरं रडायला लागली म्हणून त्यांनी जाता जाता डावी चप्पल काढून ठेवली होती. "शनवारी गणित बुडालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बुडालं. मग त्या म्हणाल्या, "अंबिका दिसती का हो तुमाला?" मी हो म्हटलं. "दिसली तर तिला..." आणि तेवढ्यात सिस्टर आल्या, भेटायची वेळ संपली म्हणून. मी उठताना म्हटलं, "सांगते मी तिला. सगळं सांगते." त्यांनी माझा हात दाबला की नुसता धरला, मला नक्की आठवत नाही. गुरुवारी परत येते म्हणून मी दोन्ही चपला घालून तिथून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी महानंदाचा फोन आला.

सांगते म्हटलं होतं, तरी मी बारा दिवस घालवले. कधी वर्गाची कारणं, कधी तब्येतीची. तेराव्या दिवशी अंबिकाच्या दारात गेले. ती उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. चिन्नी आता सात वर्षांची आहे, शेजारी बसून पाढे म्हणत होती. भुवईवरचा व्रण अजून स्पष्ट दिसतो. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चपला मी उचलल्या. जागा मी सोडली. निलव्वा त्या वेळी मी बसवलं म्हणून वर्गात होत्या. अंबिकाचे हात थांबले नाहीत. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही. मग ती खाली बघतच म्हणाली, "आता सांगता बाई?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"अव्वाला माती द्यायला सगळी गल्ली गेली. मी दार लावून बसले होते घरात." तिनं सूप बाजूला ठेवलं. "तीन वर्षं मी तोंड फिरवलं त्या बाईला. तुमी रोज बघत होता की."

"हो," मी म्हटलं. "बघत होते."

"जावा तुमी," ती म्हणाली. चिन्नी पाढे थांबवून आमच्याकडे बघत होती. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं. निलव्वांना जी भीती होती ती अगदीच खोटी नव्हती. दोघींनी त्यानंतर येणं बंद केलं, आणि एकीनं आपलं पोर आईकडे ठेवायला सुरुवात केली. संस्थेला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. भिंतीवरचा तो कागद काढला, तेव्हा त्याच्याबरोबर रंगाचा पोपडाही आला. आता तिथे एक पांढरा चौकोन दिसतो. या सगळ्यानं निलव्वांना चार बुधवारांवर पाचवा मिळत नाही, हे मला कळतं. हा लेख वाचून कुणी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करू नये. वेळेवर एक वाक्य बोलले असते तर एक बाई दहावी झाली असती, आणि दुसरी फळ्यासमोर बसली असती.

आता पोरांजवळ महानंदा येते, अंगणवाडी सुटल्यावर. तिला यायला तीन वाजतात, तोवर मी बसते. निलव्वा गेल्या हे मी पोरांना सांगितलं होतं. मग एक पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "पर चप्पल हितं हाय की." चप्पल तिथेच होती, खिडकीखाली, टाच झिजून तिरकी झालेली. उजवी महानंदाच्या घरी पिशवीत आहे. ती मी आणून जोडी लावावी, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. मी ते केलं नाही. त्या दिवशी महानंदा आली आणि मी वर्गावर जायला उठले, तर तीच मुलगी माझ्या पायांकडे बोट करून म्हणाली, "बाई, तुमची?" मी मुकाट्यानं डावी चप्पल काढून तिच्या चटईशी ठेवली. एप्रिल सुरू होता; परीक्षा झाली तरी पुढच्या वर्षी बसणाऱ्या बायकांचा वर्ग चालूच होता. दोन खोल्यांच्या दारांमधला उन्हातला कोबा तव्यासारखा तापलेला असतो. पाच-सहा पावलांचंच अंतर, पण डावा पाय टेकवेना. या बायका इतकी वर्षं रोज असं चालत येत होत्या आणि मला त्यांची रांग तेवढी दिसत होती.

परवाच्या बुधवारी गुरुजी तीनलाच गेले, म्हणून मी अशीच लंगडत वर्गात गेले, तर मागच्या बाकावर अंबिका बसली होती. निलव्वा बसायच्या त्याच जागेवर. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. हजेरीच्या वहीत तिचं नाव नव्हतं, मी ते शेवटी लिहिलं आणि पुकारलं. बाकावर तिची वही उघडलेली होती. त्या दिवशी मी तेच गणित घेतलं, तीन बायका बारा दिवस. फळ्यावर लिहिण्याआधी सांगितलं की हे मी एकदा चुकवलं होतं, आणि बरोबर सांगणारीला खाली बसवलं होतं. पाच वाजता वर्ग सुटला. बायका पलीकडच्या खोलीत गेल्या, पायात डावी चप्पल घालून, कडेवर पोर घेऊन एकेक बाहेर पडल्या. अंबिकाही त्यांच्यामागून आत गेली. चिन्नी आता दिवसभराच्या शाळेत असते, त्या खोलीत तिचं कुणी नव्हतं. तरी तिची डावी चप्पल, माझं लक्ष नसताना कधीतरी ठेवलेली, तिथे होती, खिडकीखाली, निलव्वांच्या चपलेशेजारी. ती तिनं पायात घातली. तिथे जराशी उभी राहिली, आणि निघून गेली.

सगळ्या गेल्यावर मी माझी डावी पायात घातली आणि खोलीत एकच चप्पल उरली, निलव्वांची. मी ती उचलून तिच्याखालचं झाडून घेतलं आणि पुन्हा होती तिथेच ठेवली.